‘संधिवाताला कसलं आलंय ट्रेनिंग’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला एका मेडिकलवाल्याचं उत्तर

गेले पंधरा दिवस कर्नाटकातल्या आपल्या बेळगाव जिल्ह्यात निपाणी, चिकोडी, खानापूर सगळीकडच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय, मला चौघांनी पाठवला, त्यातला एक आमचाच मावसभाऊ. म्हणणं असं, की नर्स, फिजिओ, फार्मसिस्ट लोकांनी संधिवाताचे कोर्स करणं म्हणजे सर्टिफिकेटचा धंदा. डॉक्टर सांगतात ते करायचं, बाकीच्यांनी डोकं चालवायचं काम नाही. गोळ्या तीस वर्षं त्याच आहेत. आणि संधिवात म्हाताऱ्यांचा आजार, आपल्याकडं असे पेशंट असून असून किती. खाली हात जोडलेले तीन इमोजी.

मी निपाणीत मेडिकल चालवतो, डी.फार्म, म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा, २००३ चं. मेसेज लिहिणाऱ्याशी भांडण नाही, पण त्यातलं ‘डोकं चालवायचं काम नाही’ हे मला लागलं, कारण मी एकदा नाही चालवलं.

बिड्या वळणारी एक आक्का, बोटं सुजलेली, सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळायची नाही. मोठ्या दवाखान्यात दाखवलं, मेथोट्रेक्सेट चालू झालं. ही गोळी संधिवाताला आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज नाही. तिथल्या सिस्टर कन्नड बोलणाऱ्या, त्यांनी नीट सांगितलं, ‘वारक्के ओंदु सल’. आता कन्नडात वार म्हणजे आठवडा, आणि आपल्या मराठीत वार म्हणजे सोमवार मंगळवार. आक्कानं काय ऐकलं? वाराला एकदा, म्हणजे रोज एक. सिस्टरची चूक नाही, आक्काची तर नाहीच. चिठ्ठी माझ्या काउंटरवर आली, मी स्ट्रिप दिली, सोबत फॉलिक ॲसिडची स्ट्रिप (मेथोट्रेक्सेटचा त्रास कमी व्हावा म्हणून बाकीच्या वारी घ्यायचं व्हिटॅमिन), दोन्ही गोळ्या पिवळ्या आणि बारक्या, पाकिटावर काही लिहिलं नाही, गर्दी होती, दिलं आणि पैसे घेतले. नवव्या दिवशी तिचा पोरगा आला, आईचं तोंड आतनं सोललंय, भाकरी राहू दे, पाणी पण जात नाही म्हणाला. रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली गेल्या होत्या, ॲडमिट करायला लागलं. वाचली, पण त्यात माझी काही हुशारी नाही.

आता सांगा, डॉक्टरनं सांगितलेलंच सगळ्यांनी केलं की नाही? आपापल्या समजुतीनं केलं. तरी पेशंट ॲडमिट.

आणि हे आपल्या बेळगाव जिल्ह्यातलंच म्हणून नाही हां, रोज घेतल्यानं माणसं दगावल्याच्या केसेस जगभर आहेत. युरोपच्या औषध संस्थेनं २०१९ मध्ये यासाठी खास उपाय सांगितले, त्यातला एक अगदी साधा, गोळी कुठल्या वारी घ्यायची ते लिहून द्या. मला हे कळलं ते कोर्समधून, आणि तेही आक्काच्या प्रकारानंतर.

दुसरं, लघवीच्या इन्फेक्शनला कोट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक सर्रास लिहितात, मेथोट्रेक्सेटवर असलेल्या माणसाला ते दिलं तर पेशी धडाधड खाली येऊ शकतात. संधिवाताचा डॉक्टर एक, लघवीला गावातला वेगळा डॉक्टर, दोघांना एकमेकाचं माहीत नाही, दोन्ही चिठ्ठ्या बघणारा माणूस एकच, काउंटरवरचा. त्यानं डोकं चालवायचं नाही तर कुणी चालवायचं हो?

तीस वर्षं त्याच गोळ्या म्हणे. मेथोट्रेक्सेट जुनं आहे खरं, अमेरिकेत संधिवातासाठी १९८८ ला मान्यता मिळाली. पण मी कॉलेजात असताना टोफासिटिनिब नावाची संधिवाताची गोळीच नव्हती, २०१२ ला आली, आज तिचे भारतीय ब्रँड माझ्या रॅकवर आहेत. चालू करायच्या आधी टीबी बघायला लागतो, नंतर नागीण उठू शकते, आणि २०२१ मध्ये अमेरिकेनं हार्ट, रक्ताच्या गुठळ्या, कॅन्सर यांबद्दल कडक इशारा दिला. २००३ च्या माझ्या पुस्तकात हे कुठं शोधू? हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या संधिवाताच्या गोळीचंही तेच, डोळ्याचा पडदा खराब होऊ नये म्हणून अमेरिकेतल्या डोळ्याच्या डॉक्टरांनी २०१६ ला डोस वजनाच्या किलोमागं ५ मिलिग्रॅमच्या आत ठेवा म्हणून सांगितलं, आणि आमच्याकडं चाळीस किलोच्या बाईलाही रोज ४०० च चालू असते.

म्हाताऱ्यांचा आजार? आक्का अडतीस वर्षांची. पाठीच्या कण्याचा जो संधिवात असतो तो तर ऐन विशी-तिशीतल्या पोरांना धरतो, रात्री दुखणार, सकाळी पाठ लाकडासारखी, हललं-चाललं की बरं वाटणार. असं पोरगं डॉक्टरच्या आधी फिजिओकडं पोचतं, आणि फिजिओला हे ओळखता आलं नाही तर स्लिप डिस्क म्हणून शेक आणि ट्रॅक्शनवर वर्षं जातात.

पेशंट किती, तर आपले पाहुणे फ्लेमिंगो बघायला जातात ते पुणे जिल्ह्यातलं भिगवण माहीत असेल, तिथं १९९६ ला घरोघर जाऊन सांधेदुखीचा सर्वे झाला, गावातल्याच स्वयंसेवकांना शिकवून. आमवात म्हणजे ऱ्हुमॅटॉइड निघाला मोठ्या माणसांत साधारण २०० मागं एक. बेळगाव जिल्हा २०११ ला ४७ लाखांच्या वर, त्यातली मोठी माणसं ३० लाख धरा, भिगवणचाच हिशोब लावला तर १५ हजार. चिकनगुनियानंतर सांधे धरलेले वेगळेच, २००६ ची साथ इथं कोण विसरलंय.

सर्टिफिकेटचा धंदा, हे मात्र अर्धं खरं आहे. डॉक्टर लोकांना पाच वर्षांत ३० तास शिकायचा नियम २००२ पासून आहे, आणि त्यातले काही तास कंपनीची बॅग, जेवण आणि सही यातच जातात, मीही अशा एका कार्यक्रमात पोटभर जेवून आलोय. पण म्हणून शिकणंच बंद करा म्हणणं म्हणजे भेसळ निघाली म्हणून दूधच सोडा म्हणण्यासारखं. युलर ही संधिवातावर काम करणारी युरोपची संस्था, नर्सनं काय करायचं याच्या शिफारशी त्यांनी २०१२ ला पहिल्यांदा काढल्या, पुढं नव्यानं केल्या, फिजिओ आणि नर्स यांच्यासाठी ऑनलाइन कोर्स पण आहेत. खरी अडचण मेसेजवाल्यानं सांगितलीच नाही, हे सगळं इंग्रजीत. मराठीत नाही, कन्नडात नाही. आम्ही तिघं, मी, एक सिस्टर आणि एक फिजिओ, रविवारी दुकानाच्या माडीवर बसून एकेक धडा वाचतो, सिस्टर कन्नडात सांगते, मी मराठीत, फिजिओ मधेच चहा मागवतो.

त्यातनं निघालेली एक गोष्ट सांगतो. मेथोट्रेक्सेटच्या पाकिटावर आता मी ‘आठवड्यातून एकदा’ लिहीत नाही आणि ‘वारक्के’ तर नाहीच. लाल पेननं मराठीत ‘फक्त बुधवार’ आणि कन्नडात ‘बुधवार मात्र’ लिहितो, कारण बुधवार दोन्हीकडं बुधवारच आणि कन्नडात मात्र म्हणजे फक्त. मग गिऱ्हाइकालाच विचारतो, आक्का, गुरुवारी कुठली घेणार? फॉलिकच्या स्ट्रिपवर बोट ठेवलं की मगच पिशवीत घालतो.