आधी त्या निर्दोष होत्या एवढं तरी म्हणा

सकाळपासून आमच्या शाळेच्या ग्रुपवर एकच चाललंय. ‘चर्चने युरोपात नव्वद लाख चेटकिणी जाळल्या’ असा फॉरवर्ड कुणीतरी टाकला. लगेच दुसऱ्याचं उत्तर: आकडा खोटा, आणि शिक्षा चर्चने नाही, सरकारी कोर्टांनी दिल्या. तिथून गाडी थेट गोव्याच्या इन्क्विझिशनवर, म्हणजे धर्मद्रोही शोधून शिक्षा करणाऱ्या चर्चच्या कोर्टावर. दुपारपर्यंत दोघं ग्रुप सोडून गेले. एवढ्या भांडणात मेलेल्या एकाही बाईचं नाव कुणी घेतलं नाही. संताप संताप झालाय, म्हणून इथे लिहितेय.

लेकीकडे स्कॉटलंडला, एडिनबर्गला गेले होते तेव्हा किल्ल्यासमोरच्या पटांगणाजवळ तिने मला एक भिंत दाखवली. त्या भिंतीत छोटंसं लोखंडी कारंजं आहे, १८९४ सालचं. विचेस वेल, म्हणजे चेटकिणींची विहीर, म्हणतात त्याला. चेटकाच्या आरोपावरून या परिसरात जाळलेल्यांची ती आठवण. त्यावर दोन चेहरे कोरलेत, एक दुष्ट, एक शांत. शेजारची पाटी सांगते की काहींनी आपलं ज्ञान वाईटासाठी वापरलं आणि काहींबद्दल गैरसमज झाला. मी ती पुन्हा पुन्हा वाचली. वाईटासाठी वापरलं? कुणी? अहो, हे स्मारक आहे ना त्यांचं?

अ‍ॅग्नेस सॅम्पसन हे नाव वाचा. बाळंतपणं करणारी, औषधपाणी देणारी बाई. स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स डेन्मार्कहून राणीला घेऊन येताना समुद्रात वादळं झाली, त्याचा दोष हिच्यावर आला. राजाने स्वतः तिची चौकशी केली. डोकं भादरलं, सैतानाची खूण शोधायला अंग तपासलं, छळ केला. मग तिने हवं ते कबूल केलं. १५९१ मध्ये आधी गळा आवळला आणि मग जाळलं, मी उभी होते त्याच टेकडीवर. तिने कुठलं ज्ञान वाईटासाठी वापरलं, ते त्या पाटीने सांगावं मला.

हो, नव्वद लाख खोटंच आहे. अठराव्या शतकात एका जर्मन माणसाने एका गावच्या नोंदींवरून अख्ख्या युरोपचा हिशेब मांडला होता. आजचे इतिहासकार चाळीस ते साठ हजार म्हणतात. मग? चाळीस हजार कमी झाले का?

आणि हो, स्कॉटलंडचा १५६३ चा कायदा संसदेचा होता, तेही मान्य. पण गावोगाव आरोप गोळा करत, बायकांना समोर बसवून जबाब घेत कोण होतं? तिथल्या चर्चची पंचायतच ना? उलट स्पेनमध्ये सालाझार नावाच्या इन्क्विझिटरनेच हजाराहून जास्त कबुल्या तपासून पुरावा नाही असं लिहिलं, आणि १६१४ नंतर तिथल्या इन्क्विझिशनने तरी चेटकिणी जाळणं जवळपास थांबवलं. याचाच अर्थ थांबवता येत होतं. ‘तो काळच तसा होता’ हे मला कुणी ऐकवू नका.

लिहिता लिहिता थोडी शांत झालेय. साक्ष देणारे शेजारीही डोळ्यांसमोर येतात. गाय आटलेली, मूल दगावलेलं, आणि कारण सांगणारं कुणी नाही. त्यांचं दुःख खरं होतं. आपल्या सातपुड्यात डाकीण ठरवून बाईला मारहाण होते तिथेही बऱ्याचदा असंच घरातलं आजारपण असतं. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा यासाठीसुद्धा लागला. पण दुःख खरं म्हणून आरोप खरा होत नाही, आणि आपल्या ग्रुपला तर तेवढंही कारण नाही. तिथे नुसती एकमेकांची जिरवायची आहे.

गोव्यावर बोलायचं तर जरूर बोलू, १५६० पासून १८१२ पर्यंत मधली थोडी वर्षं सोडून लोकांनी ते सोसलंय. पण त्यासाठी स्कॉटलंडच्या बायका वापरू नका. तिथे ३,८०० च्या आसपास लोकांवर आरोप झाले, सहांतल्या पाच बायका. २०२२ च्या महिला दिनी स्कॉटलंडच्या तेव्हाच्या सरकारप्रमुख निकोला स्टर्जन यांनी सरकारतर्फे संसदेत माफी मागितली, त्याच वर्षी चर्च ऑफ स्कॉटलंडनेही. तरी ती पाटी मी पाहिली तेव्हा तशीच होती.

ती बदला म्हणून एडिनबर्गच्या महापालिकेला पत्र लिहितेय. लेक सही करणार आहे. तिकडे राहणाऱ्या आणखी कुणाला करायची असेल तर खाली सांगा.