गाइड नक्की कोणाचा माणूस?

सुट्ट्या लागल्या की इनबॉक्समध्ये एक प्रश्न हमखास येतो. "ताई, वेरूळ-अजिंठ्याला गाइड घ्यावा का? की नुसतेच गंडवतात?" मी स्वतःच गाइड, त्यामुळे माझं उत्तर काय असणार हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं. तरी लोक विचारतात, कारण बहुतेकांना कुठे ना कुठे चटका बसलेला असतो. आग्र्याला, जयपूरला, नाहीतर आमच्याच छत्रपती संभाजीनगरात. म्हणून आज एकदाच काय ते सविस्तर लिहिते. आमच्यातल्या काहींना झोंबेल. झोंबू दे.

गाइड कसा निवडावा यावर सल्ले भरपूर मिळतात. ओळखपत्र बघा, भाषा बघा, रिव्ह्यू वाचा. ओळखपत्र तर बघायलाच हवं, आणि ते मागितलं म्हणून खऱ्या गाइडला राग येत नाही. पण माझ्या लेखी पहिला प्रश्न वेगळाच आहे. आज याची चूल कोणाच्या पैशावर पेटणार? तुमच्या फीवर, की दुकानदाराच्या कमिशनवर? ज्याच्या पैशावर चूल, त्याचा तो माणूस. कुठल्या लेण्यात किती वेळ थांबायचं, काय दाखवायचं, काय गाळायचं, सगळं तिथूनच ठरत जातं.

कमिशनचा प्रकार बाहेरच्यांना नीट माहीत नसतो. गाडी शोरूमच्या दारात लागली की आतला पोऱ्या आधी गाडीचा नंबर टिपून घेतो. गाइड कोण, ड्रायव्हर कोण, माणसं किती. तुम्ही आत जाता, एक काका हातमागावर बसून खटखट करत असतात, मुलं व्हिडिओ काढतात, तेवढ्यात चहा येतो. मग कपाटातून शाली निघायला लागतात. माग दाखवला हाताचा आणि कपाटातून निघालेला माल पॉवरलूमचा, असंही होतं. संध्याकाळी तुमच्या बिलावर हिशोब होतो. ते कमिशन दुकानदार पदरचं देत नाही, तुमच्या शालीच्या किमतीतच धरलेलं असतं. म्हणजे गाइडला पैसे तुम्हीच देता, फक्त तुम्हाला न कळता आणि चारपट महाग पडून. वर "सरकारी एम्पोरियम आहे, भाव फिक्स" हे पालुपद. दारावर सरकारी पाटी कुठे आहे ते एकदा विचारून बघा, गंमत येईल.

शहरात हिमरू, म्हणजे रेशीम-सुताचं नक्षीदार कापड, विणणारी मोजकी घरं अजून आहेत, पैठणीचे खरे कारागीर पैठणला आणि येवल्याला आहेत. त्यांच्याकडे जरूर जा, मीही पाठवते. हातमागाच्या पैठणीचा पदर उलटून बघायचा, दोन्ही बाजूंनी नक्षी सारखीच सुबक दिसते. मागे धाग्यांचं जंजाळ लोंबत असेल तर साडी परत ठेवा. एवढं ज्ञान गाइडनं दिलं तर तो तुमचा माणूस. "मॅडम, बिनधास्त घ्या, माझ्या घरच्यांनी पण इथूनच घेतली" म्हणाला तर नाही.

आता शोरूममध्ये पाऊण तास घालवायचा तर तो वेळ कुठून काढायचा? लेण्यांमधून. वेरूळला एकूण 34 लेणी. 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू, 30 ते 34 जैन. जैन लेणी बाकीच्यांपासून किलोमीटरभर उत्तरेला, म्हणून कात्री पहिली तिथे लागते. "तिकडे विशेष काही नाही" असं खुशाल सांगितलं जातं. विशेष काही नाही! 32 नंबरच्या इंद्रसभेच्या वरच्या मजल्यावरचे खांब आणि आंब्याच्या झाडाखाली बसलेली अंबिका ज्यानं पाहिली आहे, त्याला हे वाक्य बोलवणारच नाही. वेळ नसेल तर वेळ नाही म्हणावं, ऊन फार आहे म्हणावं, पाय दुखतात म्हणावं. पण जागेलाच हलकं पाडणं हा माझ्या मते या धंद्यातला सगळ्यात मोठा गुन्हा. कमिशन त्याच्यापुढे किरकोळ.

दुसरी गोष्ट थापांची. कैलास, म्हणजे वेरूळचं एकाच खडकातून कोरलेलं शंकराचं देऊळ, परग्रहवासीयांनी बांधलं, हे हल्ली पर्यटक घरूनच यूट्यूबवर बघून येतात आणि गाइडनं मान डोलावली की खूश होतात. औरंगजेबानं हजार माणसं लावून तीन वर्षं कैलास तोडायचा प्रयत्न केला, हीसुद्धा अशीच. याला समकालीन आधार नाही. उलट त्याच्याच कारकिर्दीच्या फारसी इतिहासात वेरूळचं वर्णन कौतुकानं आलंय, पावसाळ्यात हा डोंगर बागेसारखा दिसतो वगैरे. औरंगजेबाची वकिली करायची मला हौस नाही, त्याचा हिशोब इतिहासात बराच मोठा आहे. पण हत्तीची तुटलेली सोंड दाखवून ठोकून द्यायचं आणि गर्दीतून "अरेरे" काढायची, याला माहिती देणं म्हणत नाहीत. तिथे एखाद्या तरुण पोरानं "मॅडम, नक्की कुणी तोडली?" असं विचारलं तर "नोंद सापडत नाही" एवढंच उत्तर असतं. ते देताना जीभ अडखळू नये.

आणि मुळात थापा मारायची गरज काय? खरी गोष्ट ऐका. बडोद्याला सापडलेला राष्ट्रकूट कर्कराजाचा ताम्रपट आहे, साधारण इ.स. 812 चा. कैलास कोरून निघाला आठव्या शतकात, त्याच घराण्यातल्या पहिल्या कृष्णराजाच्या काळात, म्हणजे हा मजकूर त्यानंतर जेमतेम दोन पिढ्यांचा. त्यात या देवळाबद्दल लिहिलंय की विमानातून जाणारे देव ते बघून थक्क होतात, हे माणसाचं काम नाही म्हणतात. आणि पुढे तर कमालच, खुद्द बांधणाऱ्या स्थपतीलाच नवल वाटलं की हे आपल्या हातून झालं तरी कसं! बाराशे वर्षांपूर्वीचा माणूस हे लिहून गेलाय आणि आपण परग्रहवासी शोधतोय. माझ्या ग्रुपमध्ये कुणी तो विषय काढला तर वाद घालत बसत नाही. भिंतीवरच्या छिन्नीच्या खुणा दाखवते, आणि अजिंठा पुढे असेल तर सांगते, उद्या 24 नंबरचं लेणं बघू. ते अर्धवट राहिलेलं आहे. खांब कुठे सुटा झालाय, कुठे अजून खडकातच अडकलाय, काम वरून खाली आणि पुढून मागे कसं सरकत गेलं ते डोळ्यांना दिसतं. बहुतेक गाइड ते लेणं ओलांडून पुढे जातात. तिथे रंग नाहीत, मूर्तींची आरास नाही, फोटो चांगला येत नाही.

अजिंठ्यातली आणखी एक ठरलेली थाप म्हणजे "भाज्यांचे रंग". पालकाचा हिरवा, बिटाचा लाल. अहो, बिटाचा रंग साडीवर पडला तर दोन धुण्यांत जातो, दीड हजार वर्षं भिंतीवर टिकेल का? रंग बहुतेक दगडमातीचे. गेरू, पिवळी माती, चुना, हिरवा दगड, काजळी. निळा मात्र लाजवर्दाचा, तो दगड थेट अफगाणिस्तानाकडून यायचा. हे सांगितलं की पुढचा धागा आपोआप मिळतो. वाघूर नदीच्या घळीत, या आडरानात, इतक्या लांबचा दगड आणणारा पैसा कुणाचा? मग वाकाटक राजा हरिषेण येतो, त्याचा मंत्री वराहदेव येतो, सोळाव्या लेण्यातला त्याचा शिलालेख येतो. व्यापारी वाटा, भिक्खू, दानं, सगळं एका निळ्या रंगातून उलगडतं. पालक सांगितला की गोष्ट पालकापाशीच संपली.

लेण्यात वागायचं कसं, हे आम्हाला कुणी फारसं शिकवत नाही. केंद्राचा ऑनलाइन कोर्स आहे, परीक्षा आहे, सनावळ्या पाठ होतात. पण बाहेरच्या झगझगीत उन्हातून माणसं अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात शिरली की पहिली दोन मिनिटं तोंड बंद ठेवायचं, हे कुठल्या अभ्यासक्रमात आहे? डोळे अंधाराला सरावतात. आधी नुसतं काळं, मग खांब, मग छत, मग हळूहळू डावीकडून भिंतीवरच्या चित्रातला पद्मपाणी बोधिसत्त्व वर येतो, झुकलेली मान, हातातलं निळं कमळ. त्या वेळी गाइडनं काही बोलायचं नसतं. आणि नेमकं तेव्हाच "इकडे लक्ष द्या, हे इंडियन मोनालिसा" असा आवाज घुमतो. गाभाऱ्यातल्या बुद्धमूर्तीवर वेगवेगळ्या बाजूंनी उजेड टाकून चेहऱ्यावरचे भाव बदलताना दाखवणं हा आमचा लाडका प्रयोग, तो जरूर करावा. दगडाला त्याचं काही होत नाही. पण तोच टॉर्च मग चित्रांवर फिरतो, मोबाइल निघतात, फ्लॅश बंद करायला कुणाला सुचत नाही, आणि बंदीची पाटी राहते बाजूला. पर्यटकाला "फ्लॅश बंद करा" हे सांगायला गाइड कचरतो, कारण टिप जाईल. बघा, फिरून पुन्हा चुलीपाशीच आलो.

अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यातलं जॉन स्मिथचं नाव हाही मजेशीर पेच. 28 एप्रिल 1819. शिकारीला आलेल्या या इंग्रज अधिकाऱ्याला विस्मरणात गेलेली ही लेणी सापडली, आणि त्यानं खांबावरच्या चित्रावर स्वतःचं नाव आणि तारीख कोरली. ते नाव आज डोक्याच्या बरंच वर दिसतं, कारण तेव्हा लेणं ढिगाऱ्यानं भरलेलं होतं आणि तो त्या ढिगाऱ्यावर उभा होता. हे सांगायला रंगत येते. पण काही गाइड ते असं अभिमानानं दाखवतात की शाळेच्या सहलीतल्या पोरांचे हात शिवशिवायला लागतात. मी ते दाखवतानाच त्याखालचं बोधिसत्त्वाचं चित्र दाखवते आणि म्हणते, शोध लावला ठीक, पण हे करायचं काय कारण होतं?

एक गोष्ट आपल्याकडे फार सावधपणे बोलायला हवी. अजिंठ्याला, वेरूळला, शहराजवळच्या बौद्ध लेण्यांना गावोगावची बौद्ध कुटुंबं येतात. म्हातारी माणसं येतात, पांढरे कपडे घालून, मूर्तीपुढे हात जोडून उभी राहतात. त्यांच्यासाठी ते देवदर्शनापेक्षाही मोठं काहीतरी असतं. आणि त्यांच्यासमोर एखादा पठ्ठ्या सुरू होतो, "बुद्ध म्हणजे विष्णूचा नववा अवतार." 1956 साली नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये या गोष्टीला स्पष्ट नकार आहे. महाराष्ट्रात गाइड म्हणून उभं राहायचं आणि हे माहीत नसावं? समोर कोण आहे हे आधी विचारा, गाव विचारा, काय बघायला आलात विचारा. तीच तऱ्हा कैलासात. तिथे कुणी भाविक शंकराला नमस्कार करत असेल तर त्याच्या डोक्यावर उभं राहून राष्ट्रकूटांची वंशावळ सुरू करू नये. दोन मिनिटं थांबल्यानं इतिहास पळून जात नाही.

हे सगळं आमच्याबद्दल झालं. आता तुमचं. रिसॉर्टच्या एका रात्रीला हजारो रुपये देणारी माणसं गाइडशी दोनशे रुपयांवरून घासाघीस करतात. पाच-सहा अनोळखी माणसं वाटेत जमवून "आम्ही एकच फॅमिली" म्हणतात. आणि काही एजन्सी तर गाइडला तोंडावर सांगतात, "फी एवढीच, बाकीचं तू शोरूममधून काढ." मलाही सांगितलंय. काम सीझनचं, उन्हाळ्यात वेरूळचा खडक तापलेला, एखाद्या दिवशी सकाळपासून तिकीट खिडकीशी उभं राहून एकही ग्रुप मिळत नाही. अशा माणसानं कमिशन घेतलं तर मी त्याला शिव्या देणार नाही. मला राग आहे तो लपवण्याचा. "या दुकानात गेलो तर मला काही मिळतं, जायचं की नाही तुम्ही ठरवा," एवढं उघड बोललं की निम्मं पाप धुतलं जातं. बोलून बघितलंय. लोक हसतात, आणि बऱ्याचदा जातातही.

तेव्हा गाइड जरूर घ्या, पण लेण्यात शिरायच्या आधीच बोला. फी किती, वेळ किती, कुठली लेणी, दुकान नको. नीट फी द्या आणि मग नीट काम मागा. वेरूळला फक्त कैलास बघून परत फिरवत असेल तर जैन लेण्यांचं नाव घ्या. रावणानं कैलास हलवलेला तो शिल्पपट दाखवताना नुसत्या रावणाच्या हातांपाशी थांबला, तर वर बोट करून विचारा, ती मागे पळत सुटलेली दासी कोण? पार्वती शंकराला बिलगलीय, शंकर निवांत पायाचा अंगठा दाबतोय, आणि ती एकटी बिचारी पाठ फिरवून जीव घेऊन पळतेय. जो गाइड तुमच्या आधी तिच्याकडे बोट दाखवेल त्याचा नंबर सेव्ह करा, आणि मलाही पाठवा, मला असे सहकारी हवेच आहेत.

आणि हो, अजिंठा सोमवारी बंद असतो, वेरूळ मंगळवारी. दर आठवड्याला कुणीतरी नेमकं उलटं प्लॅनिंग करून गेटवर येतं आणि मग आम्हालाच म्हणतं, "ताई, काहीतरी करा ना."