‘उंदराला कुठे भास होतात?’

‘उंदराला ना भास होतात, ना संशय येतो. मग जनुकं बदललेल्या उंदरांवर स्किझोफ्रेनियाचा अभ्यास म्हणजे निव्वळ धूळफेक,’ असा एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. त्यात तीन मुद्दे आहेत.

पहिला, उंदराला हा आजार होतच नाही. बरोबर. झाला असं संशोधकही म्हणत नाहीत. ते आजाराचा मोजता येणारा एखादा तुकडा तपासतात. मोठ्या आवाजाला माणूस दचकतो, उंदीरही दचकतो. त्याच्या साधारण दशांश सेकंद आधी हलका आवाज ऐकवला, तर दचकणं कमी होतं. स्किझोफ्रेनियाच्या बऱ्याच रुग्णांत ते तेवढं कमी होत नाही. माणसात हे पापणीच्या स्नायूवरून मोजतात, उंदरात पायाखालच्या फळीला बसणाऱ्या धक्क्यावरून. ना काही शिकवायचं, ना काही विचारायचं! अर्थात हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांतही हाच दोष दिसतो, त्यामुळे एवढ्यावरून निदान होत नाही.

आणि भास? 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, आवाज ऐकल्याचं दाखवून उंदीर बक्षिसाची किती वेळ वाट बघतो, यावरून त्याची खात्री मोजली. केटामाइन (माणसातही भास घडवू शकणारं भुलीचं औषध) दिल्यावर, नसलेला आवाज खात्रीने ‘ऐकणं’ वाढलं.

दुसरा मुद्दा: आजार शेकडो जनुकांचा, एक बदलून काय होणार? यात दम आहे. 2022 च्या मोठ्या अभ्यासात जनुकसंचातली 287 ठिकाणं आजाराशी जोडलेली आढळली. उलट एका स्कॉटिश कुटुंबात सापडलेल्या ‘डिस्क-1’ या जनुकावरून कितीतरी उंदीर तयार झाले, आणि अशा मोठ्या पाहण्यांत त्याला काही आधार मिळाला नाही. पण बाविसाव्या गुणसूत्राचा एक ठरावीक तुकडा जन्मतः नसलेल्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याला पुढे हा आजार होतो. त्यातली बहुतेक जनुकं उंदराच्या सोळाव्या गुणसूत्रावर आहेत. दोनपैकी एका प्रतीतून ती काढली, की हिप्पोकॅम्पस (मेंदूतला आठवणींशी जोडलेला भाग) आणि मेंदूच्या पुढच्या भागाची लय नीट जुळत नाही, आणि स्मरणशक्तीचं काम शिकायला उंदराला जास्त वेळ लागतो. इथे एक जनुक नाही, अख्खा पट्टा बदललाय, तोही माणसात असतो तसाच.

तिसरा: यातून औषध निघालं नाही. झॅनोमेलिन या औषधाने भास कमी होतात, याचा सुगावा माणसांवरच्या अल्झायमरच्या चाचणीत लागला, हे खरं. पण ते नेमकं कुठे काम करतं, हे शोधायला एम-4 रिसेप्टर (मेंदूच्या पेशींवरची, रासायनिक संदेश घेणारी एक जागा) नसलेले उंदीर कामी आले: त्यांच्यात औषधाचा परिणाम बराच ओसरला. 2024 मध्ये अमेरिकेत ते दुष्परिणाम आवरणाऱ्या ट्रॉस्पियमच्या जोडीने स्किझोफ्रेनियासाठी मंजूर झालं. या आजारावरची नेहमीची औषधं मेंदूतल्या डोपामाइन या रसायनाचे रिसेप्टर अडवतात; हे तसं थेट अडवत नाही.