घटस्फोटाआधी फ्लॅट आईच्या नावावर करण्याचा घातक सल्ला

‘नव्या कायद्यानुसार घटस्फोट होताच पतीची निम्मी मालमत्ता पत्नीची होते; तेव्हा अर्ज दाखल होण्याआधी फ्लॅट आईच्या नावावर करा. दागिने सासरचेच राहतात आणि कर्ज फेडण्याची जबाबदारी हप्ते भरणाऱ्याचीच असते,’ असा संदेश सध्या फिरतो आहे. त्यावर विसंबून माझ्या चुलतभावाने बक्षीसपत्राचा मसुदाही करून घेतला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

असा कोणताही नवा कायदा झालेला नाही. पतीच्या स्थावर मालमत्तेत वाटा देण्याची तरतूद असलेले विधेयक राज्यसभेने २०१३ मध्ये संमत केले होते. लोकसभेची मंजुरी न मिळताच ते व्यपगत झाले. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली पोटगी ठरवताना मालमत्ता विचारात घेतली जाते, मालकी मात्र बदलत नाही. नाइलाजाने मान्य करायचे ते एवढेच, की गोव्यात विवाहापूर्वी वेगळा करार नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि तेथे निम्म्या हिश्श्याला आधार आहे.

खरा घातक भाग आहे तो आईच्या नावाचा. सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालात पोटगीच्या दाव्यांसाठी शपथपत्राचा नमुना घालून दिला असून, विवाह अस्तित्वात असताना हस्तांतरित केलेल्या मालमत्तेचा तपशील आणि त्यामागचे कारणही त्यात मागितले आहे. म्हणजे जे लपवायचे, तेच शपथेवर सांगावे लागणार. खोटे सांगितल्यास कारवाईला तोंड द्यावे लागणार. शिवाय मालमत्तेच्या उत्पन्नातून पोटगी मिळण्याचा हक्क असेल, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ३९ नुसार तो विनामोबदला मालमत्ता घेणाऱ्याविरुद्धही बजावता येतो. आणि एकदा नोंदवलेले बक्षीसपत्र मनात आले म्हणून रद्द होत नाही. आईने मृत्युपत्र केले नाही, तर तो फ्लॅट तिच्या सर्व मुलांत वाटला जाईल, हे संदेश लिहिणाऱ्या महाभागाला सुचलेलेही दिसत नाही.

दागिन्यांबद्दल फार लिहायला नको: स्त्रीधन पत्नीचेच, हे सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी प्रकरणात १९८५ मध्येच स्पष्ट केले आहे. कर्जाविषयी मात्र सावध राहावे. दोघांच्या सह्या असलेले गृहकर्ज घटस्फोटाने एकट्याचे होत नाही; हप्ते कोणी भरायचे हे दोघांनी आपसांत काहीही ठरवले, तरी बँकेने एकाला लेखी मुक्त करेपर्यंत ती दोघांकडूनही वसुली करू शकते.