पैसे घ्या पण खरी सीडी द्या रे

डोकं फिरलंय आज. तीन सीडी मागवल्या होत्या ऑनलाइन, एक शास्त्रीय गायक मल्लिकार्जुन मन्सूरांची, एक नाट्यसंगीताची आणि एक जॅझची, शिपिंग धरून पावणेदोन हजार गेले. पार्सल आलं तर बबल रॅप नाही, पुठ्ठा नाही, नुसती प्लास्टिकची पिशवी, हलवली की आत खुळखुळ्यासारखा आवाज. मन्सूरांच्या डबीतले मधले दाते, ज्यात सीडी अडकते ते, तुटून सुटे झालेले आणि सीडी अख्ख्या प्रवासात त्यांच्यावरच घासत आलेली.

तेही सोडून दिलं असतं, डबी काय दुसरी मिळते. पण सीडी उलटी केली आणि तळपायाची आग मस्तकात गेली. मागची बाजू चंदेरी नाहीच, निळसर जांभळी! म्हणजे कोणीतरी घरी कॉम्प्युटरवर राइट केलेली. इनले कार्ड, म्हणजे डबीतला छापील कागद, तो पण घरच्या प्रिंटरवर काढलेला, ओला अंगठा लागला तर शाई पसरली आणि मन्सूरांचा अर्धा फेटा माझ्या अंगठ्यावर. आणि साइटवर काय लिहिलंय, तर ओरिजिनल, सीलपॅक.

तरी लावून बघितली. विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं संपत आलं, लय चढली, आता द्रुतची, म्हणजे जलद लयीची बंदिश उचलणार आणि बरोब्बर त्याच जागी दोन सेकंद काहीच नाही, मग पुढचा ट्रॅक सुरू. कान फुटल्यासारखं झालं हो. ज्याने राइट केलीये त्याने एकेक ट्रॅक सुटा राइट केलाय, तसं केलं की दोन ट्रॅकच्या मधे दोन सेकंदांची मोकळी जागा पडते, डिस्क ॲट वन्स, म्हणजे अख्खी सीडी एका दमात राइट करायचा पर्याय निवडला असता तर ही जागा पडलीच नसती. एक क्लिक! चोरीचा माल विकायचा तो विकायचा, वर तेवढी पण काळजी घ्यायची नाही.

नाट्यसंगीताच्या सीडीवर 'शंभर पदं' वाचलं तेव्हाच मला कळायला हवं होतं. ऑडिओ सीडीत जेमतेम ८० मिनिटं बसतात, शंभर पदं कुठून बसणार, एमपीथ्री, म्हणजे दाबून लहान केलेल्या फाइली भरल्यात. ऑडिओ सीडीचा रेट सेकंदाला १४११ किलोबिट, आणि यात निघाले १२८, म्हणजे आवाजाचा तपशील तेवढा गाळलेला. माझा जुना प्लेअर ती वाचतच नाही, नुसता नो डिस्क दाखवतो. मग ऑडिओ सीडी म्हणून का विकता? जॅझवाली तेवढी खरी निघाली, तर तिचं पुस्तक गायब. कोणत्या साली, कोणत्या स्टुडिओत, ड्रम्सवर कोण, बेसवर कोण, हे वाचायला तर मी सीडी घेतो!

दुकानात जाऊन घ्या म्हणाल तर कुठल्या दुकानात? मुंबईतल्या काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस २०१६ च्या फेब्रुवारीत बंद झालं, तिथे बूथमध्ये उभं राहून ऐकून मग घेता यायचं. पुण्यात कर्वे रोडला अलूरकर होतं, ते तर नुसतं दुकान नव्हतं, शास्त्रीय गायकांच्या कॅसेट स्वतः काढायचे. आता ज्या दुकानात गेलो तिथे पुढे सगळे हेडफोन आणि मोबाइल कव्हर, मागे एक धुळीचा रॅक. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातल्या बाखची सीडी मेडिटेशनच्या खणात. नाट्यसंगीत भक्तिगीतांत, का तर कव्हरवर तंबोरा आहे. ठुमरी गझलेत. मी म्हटलं जॅझ कुठेय, तर पोरगा म्हणतो इंग्लिश तिकडे. सगळं एकच, इंग्लिश! आणि वर म्हणतो, काका, आता कोण घेतं सीडी? अरे मी घेतो ना, पैसे हातात घेऊन समोर उभा आहे, मला विक की!

भाचा म्हणतो मामा, ॲपवर आहे सगळं. सगळं नाहीये रे बाबा. तबल्यावर कोण ते लिहिलेलं नसतं, हार्मोनियमवाल्याचं नाव नसतं, रागाच्या नावाची वाट लावलेली असते. आयुष्यभर साथ करणाऱ्या माणसाचं नाव सीडीच्या मागे बारीक अक्षरात का होईना छापलेलं असायचं, ॲपवर तेवढं पण नाही. आणि आज असलेला अल्बम उद्या गायब, विचारायचं कोणाला? विकत घेतलेली सीडी माझ्या कपाटातून कोणी काढून नेत नाही.

असो, तर रिटर्न टाकला. फोटो मागितले, दिले. आणखी फोटो मागितले, तेही दिले. चार दिवस पिकअपसाठी घरी थांबलो, एक सुट्टी त्यात गेली. आज एकदाचा मुलगा आला, त्याने डबी उघडली, तुटलेले दाते बघितले आणि म्हणाला, काका, माल डॅमेज आहे, असा परत घेता येत नाही. अहो, तो तुमच्याकडूनच तसा आलाय, म्हणून तर परत देतोय ना! त्या पोराचा काय दोष, तो मोबाइलवर 'ग्राहकाकडून नुकसान' असं टिक करून गेला. आता रिफंड पण नाही, आणि ती निळी सीडी टेबलावर पडलीये.