चौथ्या सीटवरून चौथा राजपुत्र

आधीच सांगते, या लेखात एका कोरियन मालिकेचा शेवट फोडलेला आहे. ज्यांना ती बघायची असेल त्यांनी इथेच उतरून घ्यावं. मला एवढीसुद्धा सूचना मिळाली नव्हती.

मालिका जुनी, २०१६ची, ‘मून लव्हर्स’. आजच्या काळातली एक मुलगी खग्रास सूर्यग्रहणात तळ्यात बुडते आणि दहाव्या शतकातल्या गोर्यो राज्यात, आंघोळ करणाऱ्या राजपुत्रांच्या मधोमध वर येते. (तो प्रसंग मी लेडीज डब्यात फोन छातीशी धरून नुसता ऐकला.) राजपुत्र ढीगभर, कारण त्यांच्या तीर्थरूपांना, म्हणजे राज्याचे संस्थापक वांग गन यांना, २९ बायका. हे मालिकावाल्यांचं डोकं नाही, खरा इतिहास आहे. मुलीचा जीव आधी आठव्यावर, मग चौथ्यावर जडतो. चौथा अर्ध्या चेहऱ्यावर मुखवटा घालून फिरतो आणि उरलेल्या अर्ध्यानं आपल्याला कामातून घालवतो.

तर सोळावा भाग, संध्याकाळची फास्ट, मला तिसरी सीट. भायखळ्याला एक काकू चढल्या, “सरक गं जरा” म्हणाल्या आणि चौथी सीट घेतली. मांडीवर पेपर, त्यावर मेथीची जुडी. दादरपर्यंत त्यांचे हात मेथीत आणि डोळे माझ्या फोनमध्ये. लोकलमध्ये हे चालतंच. पण काकूंनी मेथीच्या हातानं माझा एक इअरफोन काढून स्वतःच्या कानात घातला.

“काही कळत नाही गं.”

“कोरियन आहे काकू. खाली इंग्रजीत येतं.”

“ते वाचतेय मी. पण हा कोण? खरा होता का?”

इथे माझं चुकलं. मी कौतुकानं सांगितलं, हो, खरा होता, पुढे राजा झाला, ग्वांगजोंग. काकूंनी पदराला हात पुसले, स्वतःचा फोन काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि घाटकोपर यायच्या आत त्या माणसाचा दप्तरतपास पूर्ण केला.

“९४९ ला गादीवर. ९७५ ला वारला. बायका दोन. एक सावत्र बहीण…” काकू थांबल्या. “शी! आणि दुसरी पुतणी. ही तुझी कोण?”

“हे-सू.”

“नाव नाही.”

“काकू, प्लीज…”

“अगं, सत्तावीस वर्षं महसूल खात्यात काढली मी. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे नाही. ही राणी होत नाही. मरते तरी, नाहीतर परत जाते. कशाला जीव टांगतेस?”

मी म्हटलं, तुम्ही शेवट सांगितलात. त्या म्हणाल्या, “पानिपतात आपण हरलो हे सांगितलं तर तेही शेवट सांगणं का?” समोरच्या तिघी हसल्या. त्यातली एक तर गेला महिनाभर माझ्याशी सीटवरून भांडतेय, ती सगळ्यात जास्त.

काकू अजून वाचतच होत्या. अचानक त्यांचा आवाज चढला. “९५८ ला सरकारी नोकरीसाठी परीक्षा सुरू केली यानं! म्हणजे हे लफडं याचं होय?” त्यांचा मुलगा तीन वर्षं एमपीएससी देतोय. प्रिलिम निघते, मेन्स अडते. पुण्यातली खोली, अभ्यासिका, मेस, सगळं काकूंच्या पगारातून. मुलुंड येईपर्यंत त्यांनी ग्वांगजोंगला असं काही झापलं, की मला त्याची बाजू घ्यावी लागली. ९५६ मध्ये त्यानं अन्यायानं गुलाम केलेल्यांना सोडवलं होतं, हेही सांगितलं. “ते ठीक,” काकू म्हणाल्या, “पण निकाल वेळेवर लावायचा का?”

ठाण्याला त्या उतरल्या. देठं माझ्याकडे. “टाकून दे गं.”

मला खरंच राग आला होता. दिवसभर साहेबाचं, मग घरच्यांचं ऐकायचं. मधला तासभर तेवढा माझा असतो, तोही बसून मिळाला तर. त्यातही कोणीतरी कान काढून नेतं. घरी तर, “ते मेकअपवाले पोरगे बघतेस होय,” हे ठरलेलं. हेच लोक क्रिकेटची जुनी मॅच, निकाल ठाऊक असून, रात्री दीडपर्यंत बघतात. तो म्हणे अभ्यास.

उरलेले भाग मी त्याच रात्री संपवले. काकू बरोबर होत्या, आणि प्रकरण त्याहून वाईट होतं. ती मरणपंथाला लागलेली, राजाला पत्रावर पत्रं लिहिते. तिचं अक्षर राजासारखं, उगाच बोभाटा नको म्हणून चौदावा राजपुत्र ती आपल्या हस्ताक्षरातल्या पाकिटात घालून पाठवतो. राजाला वाटतं भावाचं पत्र, तो फोडतच नाही. सबंध राज्य चालवतो आणि एक पाकीट फोडवत नाही! रात्री दोनला मी उशीत तोंड खुपसून त्याला ज्या शिव्या दिल्या, त्या छापता येणार नाहीत. मग ती आजच्या काळात जागी होते, जुन्या चित्रात त्याला एकटा उभा बघते आणि रडते. समाप्त.

दुसऱ्या दिवशी भायखळ्याला काकू. आज गवार.

“मग? लागलं नाव?”

“नाही.”

“पुढचा भाग असेल की. अपिलात?”

“नाहीच काढला काकू. लोक अजून मागतायत.”

काकूंचा हात गवारीवर थांबला. “इतकी वर्षं प्रलंबित?” मग निम्मी गवार माझ्या मांडीवर ओतून म्हणाल्या, “मोड. आणि तो पाकिटाचा भाग लाव बघू.”