गांज्याने अभ्यासात लक्ष लागतं म्हणे!

बारावीतल्या भाच्याने फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. वर त्रिशूळ, खाली जोडलेले हात आणि मध्ये दावे: गांजा नैसर्गिक आहे, सवय लागत नाही, कॅन्सर बरा होतो, डोकं शांत होऊन अभ्यासात लक्ष लागतं, इंग्रजांनी मुद्दाम बंदी घातली. त्यावर दोन काकांचे अंगठेही आले. म्हणून लिहितोय.

नैसर्गिक? धोतराही नैसर्गिकच, तोही शंकराला वाहतात. खातं का कुणी?

अभ्यासाचा दावा सगळ्यात घातक, कारण तो सोळा-सतराच्या पोरांसाठीच रचलाय. गांज्यातलं टीएचसी, म्हणजे नशा आणणारं रसायन, मेंदूच्या ज्या भागांवर काम करतं, त्यात नवं लक्षात ठेवणारा हिप्पोकॅम्पस येतो. नशेत वाचलेलं पान उलटलं की पाटी कोरी. त्यात मेंदूची बांधणी पंचविशीपर्यंत चालूच असते. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीज या विज्ञानसंस्थेने २०१७ मध्ये हजारो शोधनिबंध चाळून अहवाल काढला. त्यात स्किझोफ्रेनिया आणि इतर सायकोसिसशी (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटणाऱ्या आजारांशी) गांज्याचा संबंध भक्कम पुराव्यांच्या गटात आहे. वापर जितका जास्त, तितका धोका जास्त. ओढणाऱ्या प्रत्येकाला होतं असं नाही. पण ज्याला होतं, त्या पोराला शेजारपाजारचे आपल्याबद्दलच कुजबुजतायत असं वाटायला लागतं, रात्र रात्र झोप नसते, आणि घरचे आधी देवऋषी गाठतात, मानसोपचारतज्ज्ञ मागाहून. हे म्हणे शांत डोकं!

कॅन्सरच्या दाव्यात जेवढं खरं आहे, तेवढं आधी मान्य करून टाकतो. केमोच्या मळमळीवर आणि जुनाट दुखण्यावर कॅनाबिनॉइड्सचा (टीएचसीसारख्या गांज्यातल्या रसायनांचा) उपयोग त्याच अहवालाने मान्य केलाय. पण मळमळ थांबली म्हणजे गाठ विरघळली नव्हे, आणि मळमळीवर देतात ती मोजलेल्या डोसची गोळी, चिलीम नव्हे. फुप्फुसाच्या कॅन्सरशीही गांज्याचा संबंध त्यात आढळला नाही, हेही खरं. फक्त आपल्याकडे सिगरेट रिकामी करून तिचाच तंबाखू गांज्यात मळतात, तो कुणाच्या खात्यावर मांडायचा?

सवय लागते. ओढणाऱ्या शंभरात साधारण नऊ जणांना, आणि कोवळ्या वयात सुरुवात केली तर सहांत एकाला, असा अमेरिकेतला जुना अंदाज आहे. सोडली की झोप उडते, भूक मरते, चिडचिड होते.

राहिले इंग्रज. ते तर गांज्यावर अबकारी कर वसूल करत होते, दुकानांना परवाने देत होते. देशभर बंदी आली ती १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याने, आपल्याच संसदेत. त्यातल्या गांज्याच्या व्याख्येत भांगेची नुसती पानं येतही नाहीत, तेव्हा शंकराला मध्ये ओढू नका.